शेगडीतला कोळसा आणि बॉयलरमधला कोळसा

चंद्रपूरहून मोहर्लीच्या रस्त्याला लागले की शहर सरता सरता दुर्गापूर येते आणि दुर्गापूरला लागूनच ऊर्जानगर. महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. सुरुवातीचे दोन संच आता बंद झाले, तरी उरलेल्या सात संचांची क्षमता २९२० मेगावॅट आहे. पाणी इरई धरणाचे, कोळसा मुख्यतः वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींचा, आणि पद्मापूर ओलांडले की ताडोबाचे जंगल.

चंद्रपुरात प्रदूषणाचा विषय निघाला की माणसे मान वर करून या केंद्राच्या चिमण्यांकडे बोट दाखवतात. त्यांचे चुकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर अतिप्रदूषित ठरले होते आणि यादीत चौथे होते. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवले तर काळे होते. तो प्रश्न मोठा आहे आणि त्याचा पाठपुरावा चालू राहिलाच पाहिजे. या लेखात मात्र नजर खाली आणायची आहे, घराच्या आत, कवेलूच्या छपराखालच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. तिथल्या धुराची मोजणी होत नाही, त्यावर मोर्चा निघत नाही, आणि तो धूर माणसाच्या छातीत उतरण्याचे प्रमाण उंच चिमणीच्या धुरापेक्षा कितीतरी जास्त आहे. हे कसे घडते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

खाणपट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये कोळसा घरीही जळतो. संध्याकाळी दाराबाहेर शेगडी पेटवायची पद्धत आहे. खाली काड्या, त्यावर गोवरीचा तुकडा, वर कोळशाचे डल्ले. आधी पिवळसर पांढरा दाट धूर निघतो, डोळ्यांना झोंबतो. काही वेळाने कोळसा लाल होतो, धूर बसतो, आणि मग शेगडी उचलून आत नेतात. तोच कोळसा थोड्या अंतरावर बॉयलरमध्येही जळत असतो. पण जळण्याजळण्यात फरक आहे आणि या साऱ्या विषयाची किल्ली त्या फरकात आहे.

बॉयलरकडे जाणारा कोळसा आधी गिरणीत दळला जातो. पिठाइतकी बारीक झालेली ती भुकटी गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. आत १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असते. प्रत्येक कणाभोवती भरपूर हवा असते, त्यामुळे तो एक-दोन सेकंदांतच जळून जातो आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्याकडच्या कोळशात राख फार, ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत. ती वायूबरोबर वर उडते. वाटेत तिला ईएसपी नावाची यंत्रणा अडवते. तारांना हजारो व्होल्टचा दाब दिलेला असतो, राखेच्या कणांवर विद्युतभार चढतो आणि ते लोखंडी पत्र्यांना चिकटतात. यंत्रणा नीट चालली तर ९९ टक्क्यांहून अधिक राख इथेच थांबते. उरलेले सारे चिमणीतून बाहेर पडते. ५०० मेगावॅटच्या संचासाठी चिमणीची उंची २७५ मीटर असावी असा नियम आहे. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, पारा आणि अगदी सूक्ष्म राख तरीही सुटतेच, म्हणून तर चंद्रपूरची तक्रार खरी आहे. पण कोळशातले जळण्यासारखे जे काही होते ते भट्टीत जळून गेलेले असते.

शेगडीत यातले काहीच होत नाही. डल्ले मोठे, हवा फक्त खालच्या जाळीतून. डल्ल्याचा बाहेरचा भाग पेटतो आणि आतला भाग हवेवाचून नुसता तापतो. तापला की त्यातून डांबराची वाफ, तेलकट वायू, बेंझीन आणि कर्करोगाला कारण होणारी अनेक संयुगे बाहेर पडतात. ती जळून जायला वर पुरेशी उष्णता हवी. शेगडीच्या तोंडाशी गार हवा असते, त्यामुळे ती न जळताच थंड होतात आणि अतिसूक्ष्म थेंब आणि कण बनून तरंगू लागतात. आपण ज्याला धूर म्हणतो तो हाच, म्हणजे अर्धवट जळलेले इंधन.

दुसरा टप्पा अधिक फसवा आहे. धूर बसला, निखारे लाल झाले, आता शेगडी निर्धोक झाली असे सगळेच धरून चालतात. लाल निखाऱ्याला हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी जवळ घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठतच नाहीत, ती यामुळे. डोके जड होणे, मळमळ, पाय लटपटणे ही त्याची पहिली लक्षणे. असे वाटले तर आधी घराबाहेर मोकळ्या हवेत यावे, शेगडी विझवण्याचे नंतर पाहावे.

आता लाकूड. दुर्गापूर मागे टाकून आगरझरी, मोहर्लीकडे गेले, किंवा वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात शिरले, की मुख्य इंधन सरपण हेच. लाकूड सरळ जळत नाही. आधी त्यातले पाणी उडते, आणि जोवर पाणी उडते आहे तोवर विस्तव थंडच राहतो. मग दोन-अडीचशे अंशांपुढे लाकूड फुटू लागते आणि त्याच्या वजनाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. ज्योत दिसते ती या वायूंची. ज्योतीला जागा, हवा आणि उष्णता मिळाली तर वायू पुरते जळतात. आपण मात्र ज्योतीवर गार पाण्याने भरलेले गंज ठेवतो. ज्योत बुडाला टेकते, विझते, आणि न जळालेला कार्बन काजळी होऊन बुडाला चिकटतो. बुडाला चिकटत नाही तो खोलीत पसरतो. फुंकणीने फुंकले की क्षणभर हवा मिळून जाळ होतो, पण नेमका त्याच क्षणी, धूर सर्वांत दाट असताना, फुंकणाऱ्या बाईचे तोंड चुलीपासून हातभरावर असते. पावसाळ्यात हे सगळे वाढते. सरपण ओले, दारे बंद, आणि मुले घरात.

हा धूर चिमणीच्या धुरापेक्षा घातक का ठरतो? त्यासाठी किती धूर निघाला हे विचारून भागत नाही. निघालेल्यापैकी किती कोणाच्या तरी नाकात गेला, हे विचारावे लागते. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीची उपकरणे लावून त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी जे पाहिले, त्यातून या विषयाचा पाया घातला गेला. पुढे त्याने एक ढोबळ हिशेब मांडला: घरात सोडलेला एक ग्रॅम धूर कोणाच्या तरी श्वासात जाण्याची शक्यता उघड्यावर, उंचावर सोडलेल्या एक ग्रॅम धुराच्या सुमारे हजारपट असते. चिमणीचा धूर वाऱ्याने विरळ होत मैलोगणती पसरतो, खोलीतल्या धुराला जायला जागा नसते. म्हणून दोन किलो सरपणाची चूल आणि हजारो टन कोळसा खाणारे केंद्र यांची तुलना नुसत्या वजनावर करता येत नाही.

मोजमापे काय सांगतात? चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या कल्पना बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार राज्यांतल्या सरपण-शेणी वापरणाऱ्या घरांत पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान कण मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार चोवीस तासांची सरासरी बसायच्या जागेत १६३ आणि स्वयंपाकाच्या जागेत ६०९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर निघाली. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १५. रस्त्याकडेच्या फलकावर ६०० चा आकडा लागला तर शाळा बंद कराव्या लागतील. त्या हवेत रोज दोन वेळचा स्वयंपाक होतो.

हे कण शरीरात कुठवर जातात ते त्यांच्या आकारावर ठरते. दहा मायक्रॉनहून मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि घशात अडकते, शिंकेतून किंवा थुंकीतून बाहेर पडते. त्याहून बारीक कण श्वासनलिकांच्या चिकट अस्तरावर बसतात. तिथे सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलत कफ वर ढकलतात. धूर या तंतूंची हालचाल मंदावतो, म्हणून रोज धुरात बसणाऱ्यांना सकाळी खाकरून कफ काढावा लागतो. चुलीच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात आणि ते सरळ तळाशी, वायुकोशांपर्यंत पोचतात. फुप्फुसांत असे कोट्यवधी कोश असतात. उलगडून पसरले तर सातशे-साडेसातशे चौरस फूट भरतील, आणि त्यांची भिंत इतकी पातळ की तिच्यातून प्राणवायू रक्तात जातो. तिथे पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी कण गिळतात, पण काजळी त्यांना पचत नाही. त्या थकतात, मरतात, सूज आणणारी रसायने सोडतात. दिवसातून दोनदा, वीस-तीस वर्षे हे चालले की कोशांच्या भिंती फाटतात, नलिका आखडतात, आणि एकदा गेलेली जागा परत येत नाही. हाच सीओपीडी.

आपल्याकडे या आजाराला सरसकट दमा म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. चुलीवर आयुष्य काढलेली पन्नाशीची बाई धाप लागते म्हणून डॉक्टरकडे जाते आणि इंजेक्शन घेऊन परत येते. तिने विडी ओढलेली नसते, म्हणून फुप्फुसाचा आजार कोणाच्या मनातही येत नाही. खरे तर हे भारतात फार पूर्वी ओळखले गेले होते. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांना १९५० च्या दशकात दिल्लीत असे आढळले की फुप्फुसाच्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू सुजलेल्या रुग्णांत बायकांचे प्रमाण पुरुषांइतकेच आहे, आणि त्यांतल्या फार थोड्या तंबाखू ओढणाऱ्या आहेत. त्यांनी बोट दाखवले ते चुलीच्या धुराकडे. त्याला साठ वर्षे उलटून गेली. आजही अनेक ठिकाणी रुग्णाला चूल की गॅस हा प्रश्न विचारला जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. तेवढ्या एका प्रश्नाने निदान बदलू शकते. फुंकून करायची स्पायरोमेट्रीची तपासणी वेळेवर झाली आणि ओढायचा पंप सुरू झाला, तर उरलेली फुप्फुसे पुष्कळ वर्षे साथ देतात.

फुप्फुसांवर गोष्ट थांबत नाही. सर्वांत बारीक कण आणि त्यांनी पेटवलेली सूज रक्तात उतरते, रक्तवाहिन्यांची अस्तरे खराब करते, गुठळी होण्याची शक्यता वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक हृदयविकाराने आणि पक्षाघाताने गेली. जगात अजून सुमारे २१० कोटी माणसे सरपण, शेण, कोळसा किंवा रॉकेलवर रांधतात. मोतीबिंदूही या बायकांमध्ये जास्त आढळतो. गरोदरपणात कार्बन मोनॉक्साइडचा मार पोटातल्या बाळाला अधिक बसतो, कारण बाळाचे हिमोग्लोबिन हा वायू आईच्या हिमोग्लोबिनपेक्षाही घट्ट धरते. कच्च्या कोळशाचा धोका आणखी वेगळा. चीनमधल्या युन्नान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका तंबाखू जवळजवळ ओढतच नसत, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाचे त्यांच्यातले प्रमाण चीनमधल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. कारण निघाले घरात उघड्या खड्ड्यात जाळला जाणारा धुरकट कोळसा. धुराड्याच्या चुली आल्यावर कर्करोगाचा धोका चाळीस टक्क्यांहून अधिक घटला. घरातला कोळशाचा धूर कर्करोगाला कारण होतो हे आता निर्विवाद मानले जाते, आणि कच्चा कोळसा घरात इंधन म्हणून वापरूच नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. शेगडी आत नेणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत हे एक वाक्य पोचले तरी खूप होईल.

मुलांची गोष्ट गडचिरोलीतून सांगावी लागेल. तान्हे बाळ आईच्या मांडीवर किंवा चुलीजवळच्या झोळीत असते. त्याचा श्वास मोठ्यांच्या दुपटीने जलद, फुप्फुसे अजून वाढत असलेली. धुराने तंतू मंदावले आणि पहारेकरी पेशी थकल्या की जंतूंना वाट मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, घरातला धूर बालपणीच्या न्युमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट करतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८-८९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या शंभरावर गावांत न्युमोनियावर काम केले. ५८ गावांत गावचे आरोग्यसेवक, निमवैद्यकीय कर्मचारी आणि दायांना न्युमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले, ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. तुलनेच्या गावांत दर हजार मुलांमागे १७.५ मुले न्युमोनियाने गेली. काम झालेल्या गावांत ८.१. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तो धुरावरचा नव्हता, उपचारावरचा होता. पण न्युमोनिया या जिल्ह्यात किती मुले नेत होता आणि साध्या उपायाने किती वाचत होती, हे त्याने दाखवले. लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी ‘सर्च’ने मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडून श्वास मोजायचे साधन केले होते. मोजायचे ते दहा-दहाने, दहा श्वासांना एक मणी सरकवायचा.

ती मोजणी तुम्हीही करू शकता. बाळ शांत किंवा झोपलेले असताना अंगावरचा कपडा वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील आणि खोकला असेल, तर न्युमोनियाची शंका घ्या आणि त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. न्युमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. तिचे डोस चुकवू नका.

मग उपाय काय? पहिला सुचतो तो चांगल्या चुलीचा. भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू केला आणि २००२ मध्ये गुंडाळला. तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटून झाल्या होत्या. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने तर आपल्या स्वयंपाकाच्या सवयी पाहून चुली घडवल्या. सरपण वाचले, काही घरांतला धूर कमी झाला. पण मातीची चूल तडकते, धुराड्यात काजळी साचते, दुरुस्तीला माणूस मिळत नाही. आणि एक शरीरशास्त्रातली अडचण आहे. धूर आणि आजार यांचा संबंध सरळ रेषेत नसतो. हवा स्वच्छ असताना थोडा धूर वाढला तरी धोका झपाट्याने चढतो, पुढे तो हळूहळू वाढतो. म्हणजे उलट दिशेने येताना ६०० वरून ३०० वर आणले तरी आजार निम्मे होत नाहीत. खरा फायदा ५० च्या खाली उतरल्यावर दिसू लागतो. ग्वाटेमालात पाचशेवर घरांत धुराड्याच्या चुली बसवून पाहिले, तेव्हा मुलांच्या वाट्याचा धूर निम्मा झाला, गंभीर न्युमोनिया सुमारे एक-तृतीयांश घटला, पण एकूण न्युमोनियात ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही.

गॅसबद्दलही खरे ते सांगायला हवे. भारतासह (आपल्याकडे तमिळनाडूत) चार देशांत मिळून ३२०० गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांना गॅस फुकट दिला. चुलीवरच राहिलेल्या बायकांच्या श्वासातले पीएम २.५ सुमारे ७० होते, गॅसवाल्यांचे २४. तरीही बाळांच्या जन्मवजनात किंवा न्युमोनियात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाचून कोणी गॅस निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये. न्युमोनिया कुपोषणावर, लसींवर, शेजारच्या धुरावरही अवलंबून असतो. आईची फुप्फुसे आणि हृदय दशकानुदशके झिजत असते, ती झीज दीड-दोन वर्षांच्या चाचणीत मोजली जात नाही. माझे मत असे की एका घराने गॅस घेऊन भागत नाही, सगळ्या वस्तीचा धूर उतरावा लागतो.

आपल्या जिल्ह्यांत चूल पुरती विझत का नाही, त्याचे गणित मांडून पाहा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली जी उष्णता प्रत्यक्ष भांड्याला लागते, तेवढ्यासाठी उघड्या चुलीत साधारण पावणेदोनशे किलो सरपण जाळावे लागते. पंचवीस किलोची एक मोळी धरली तर सात मोळ्या. पाच माणसांच्या घराला सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला आठ-नऊ सिलिंडर लागतात. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, २०२३ च्या ऑक्टोबरपासून सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे, तरी देशभरात उज्ज्वलाचे घर सरासरी वर्षाला चारच्या आसपास सिलिंडर भरते. म्हणजे निम्मा स्वयंपाक चुलीवरच. अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, मोठा भात चुलीवर, चहा-भाजी गॅसवर. घरात गॅस आहे पण हवा मात्र चुलीचीच. ज्या घरात रोजी मिळेल त्या दिवशीच पैसा येतो, तिथे एकरकमी सिलिंडर जड जातो. सरपण फुकट दिसते, पण मोळीसाठी बाई जंगलात जाते. ताडोबाच्या भोवताली सरपण, मोहफुले, तेंदूपत्ता आणायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले दरवर्षी होतात. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वनविभागाने जंगलालगतच्या गावांना सवलतीत गॅस दिला, तो यासाठीच. वापरलेला प्रत्येक सिलिंडर म्हणजे जंगलातल्या वाचलेल्या सात खेपा, हे लक्षात घेतले तर हा नुसता आरोग्याचा प्रश्न उरत नाही.

ऊर्जानगरच्या शेजाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, विजेची. एक किलो कोळसा शेगडीत जाळला तर त्याच्या उष्णतेचा सहावा-सातवा हिस्सा भांड्याला मिळतो. तोच कोळसा केंद्रात जाळून, वीज तारांतून आणून इंडक्शनवर वापरली, तर वाटेतली सगळी गळती धरूनही पाव हिस्सा मिळतो, आणि घरात धुराचा कणही नाही. एका सिलिंडरचे काम साधारण १२० युनिट विजेत होते. अडचण दराची आहे. महावितरणचा घरगुती दर महिन्याला १०० युनिटांपुढे एकदम चढतो, आणि स्वयंपाक विजेवर आला की गरीब घर नेमके ती रेषा ओलांडते. ज्या गावांनी केंद्राला आणि खाणींना जमिनी दिल्या, राख झेलली, त्यांना स्वयंपाकाची वीज स्वस्त देणे हे राज्याला अवघड नाही. ते व्हावे असे मला मनापासून वाटते.

तोवर हातात जे आहे ते करावे. सरपण पावसाळ्याआधी फोडून छपराखाली महिनोन्‌महिने वाळवा, ओले लाकूड दुप्पट धूर करते. कोळशाची शेगडी बाहेरच ठेवा, लाल झाल्यावरही आत नेऊ नका. पाणी तापवणे, धान उकडणे अशी लांबणारी कामे सांदवाडीत करा. चूल आतच असेल तर तिच्या वरची दोन-चार कवेलू उचलून धूर जायला वाट ठेवा आणि समोरच्या बाजूने हवा येऊ द्या. भांड्यावर झाकण ठेवा, डाळ-तांदूळ आधी भिजवा. दोन वर्षांखालचे मूल आणि गरोदर बाई चुलीपाशी नको, हे घरातल्या पुरुषांनी मनावर घ्यायचे काम आहे. डासांसाठी खोलीत धूर करणे थांबवून मच्छरदाणी वापरा. एका अभ्यासात एका मच्छर कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले, तेव्हा हे ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये गॅसवर रांधणाऱ्यांनाही लागू आहे.

आणि एक काम गावाने मिळून करायचे. खाणींच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो. खाणबाधित गावांचे आरोग्य, प्रदूषण नियंत्रण आणि महिला-बालकल्याण ही त्या निधीच्या अग्रक्रमाची कामे आहेत. सभागृहे आणि रस्ते होतातच. येत्या ग्रामसभेत असा ठराव मांडा की गावात ज्या घरी गरोदर बाई किंवा दोन वर्षांखालचे मूल आहे, त्या घराचे वर्षाचे सिलिंडर या निधीतून भरावेत. अशी घरे किती, हे आशाताईंच्या वहीत आधीच लिहिलेले असते. ती यादी ठरावाला जोडा आणि ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.